इंजिन उडतं ठेवायचं तर थंड ठेवा



मोटारीचं इंजिन विमानाला चालेल का, असा प्रश्न वाहनदुरुस्ती शिकणारी मुलं हमखास विचारतात. चालतं. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या छोट्या गावी बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ साली फोर्ड मॉडेल ए मोटारीचं ४० अश्वशक्तीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला बसवलं आणि ते उडवलं. १९३२ मध्ये त्याचे आराखडे छापून आले आणि आजही हौशी माणसं ते विमान घरी बांधतात. फोर्डचं इंजिन पाण्यानं थंड होणारं, त्यामुळे रेडिएटर वैमानिकाच्या समोरच उभा असायचा. पुढे हौशी मंडळींना फोक्सवॅगन बीटलचं इंजिन सापडलं. हलकं, सुटसुटीत आणि हवेनं थंड होणारं. पाणी नको, रेडिएटर नको. पण हवेनं थंड होणारं इंजिन आपोआप थंड होत नाही, आणि आज मला बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

बीटल सपाट रस्त्यावर बेताच्या वेगानं चालते तेव्हा इंजिनाच्या ताकदीचा थोडाच भाग वापरात असतो. विमानात उड्डाणाच्या वेळी सगळी ताकद लागते आणि पुढेही बराच वेळ पाऊण ताकदीवर इंजिन चालत राहतं. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला पाव ते एक तृतीयांश हिस्साच कामाला येतो. बाकीची एक्झॉस्टमधून, तेलातून आणि सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे बाहेरच्या पातळ पात्यांवरून, बाहेर पडावी लागते.

मोटारीत पट्ट्यावर फिरणारा पंखा फिन्सवर हवा मारतो. विमानात तो बहुतेक वेळा काढून टाकतात आणि समोरून येणाऱ्या हवेवर भिस्त ठेवतात. इथे एक साधा हिशेब आहे: वेग निम्मा झाला की हवेचा दाब चौथाई होतो. समुद्रसपाटीला ताशी १६० किलोमीटर वेगात हा दाब पाण्याच्या सुमारे १२ सेंटिमीटर उंचीएवढा असतो, तर ताशी ८० ला जेमतेम ३. आणि चढताना नेमकी इंजिनाला सगळी ताकद लागते, विमानाचा वेग मात्र कमी असतो. म्हणून तापमानाचा काटा चढतो तो चढाईतच.

इंजिन तापलं की बांधणारा पहिल्यांदा समोरची भोकं मोठी करतो. बहुतेकदा त्यानं काही साधत नाही. इंजिनावर पत्र्याचं आवरण, म्हणजे काउलिंग, असतं. त्याच्या आत वरच्या बाजूला दाब जास्त हवा आणि खालच्या बाजूला कमी, तरच हवा फिन्समधून वाट काढते. त्यासाठी पत्र्याचे आडोसे लावतात. पाटाला मधेच भगदाड पडलं की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसंच इथे. आडोसा आणि आवरण यांच्यात बोटभर फट राहिली, तर हवा तिथूनच निसटते आणि मागचा सिलिंडर भाजत राहतो. म्हणून आडोशाच्या कडेला सिलिकॉन रबराची पट्टी लावायची आणि बारीक भेगा उष्णता सोसणाऱ्या सीलंटनं बुजवायच्या. गरम हवा फुगते, म्हणून बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी हवी.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवा, तीत रंगीत पाणी भरा. एक टोक इंजिनाच्या वर, दुसरं खाली. उडताना दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक दिसतो, तेवढाच दाब हवा फिन्समधून ढकलतोय. फट बुजवल्यावर हा फरक वाढला, तर काम बरोबर झालं.

आता ट्यूनिंग. हे कूलिंगपासून वेगळं काम आहे असं समजू नका. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण पूर्ण ताकदीवर मिश्रण त्याहून गडद, म्हणजे साडेबारा किलो हवेच्या आसपास ठेवतात. जादा पेट्रोलमुळे ज्वलनकक्षाचं तापमान आटोक्यात राहतं. कार्बोरेटरचा जेट लहान पडला तर इंजिन सुरळीत चालल्यासारखं वाटतं आणि हेड मात्र तापत जातं. स्पार्क फार लवकर पडला तर नॉकिंग सुरू होतं. मोटारीत ते कानाला कळतं, विमानात प्रोपेलरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. पिस्टनला भोक पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

म्हणून प्रत्येक सिलिंडरचं तापमान वेगळं मोजा. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखी कडी बसते, ती सेन्सरचं काम करते. एकाच सिलिंडरवर विसंबणं धोक्याचं. खुद्द बीटलमध्ये बरीच वर्षं तेलाचा कूलर तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत होता. तो सिलिंडर जास्त तापायचा, म्हणून कारखान्यानंच त्याचा स्पार्क दोन-चार अंश उशिरा पडेल अशी सोय केली होती. पुढे कूलरची जागा बदलली.

मुलांनो, एका वेळी एकच बदल करा. जेट बदलला तर टायमिंगला हात लावू नका, नाहीतर गुण कशाचा आला ते कधीच समजणार नाही. आकडे वहीत लिहा. हवेचं तापमानही लिहा, कारण थंडीतल्या सकाळी निभावलेलं इंजिन मेच्या दुपारी निभावेलच असं नाही.

अमेरिकेत अशा बदललेल्या इंजिनाच्या घरगुती विमानाला सहसा एकूण ४० तासांची चाचणी उड्डाणं करावी लागतात आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ते तास कसेबसे भरून काढण्यासाठी नाहीत. दर चढाईला चारही सिलिंडरचे आकडे टिपा, खाली उतरून काउलिंग उघडा, फट शोधा आणि ती बुजवा. आपल्या शेजारी दुसरा माणूस बसवण्याचा हक्क याच कामानं मिळतो.