वही उघडी आहे का?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेळ्यांमागे असाल, कुणी बैठकीच्या सतरंजीवर रेडिओ मधे ठेवून बसला असाल. आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या. एरवी आमचं बोलणं बचत, कर्ज आणि परतफेड यांवरच चालतं. आजचा विषय वेगळा आहे, पण तो आमच्यापर्यंत गटाच्या वहीतूनच आला.

झालं असं, की एका गटात अंतर्गत कर्ज उचललं गेलं शेळीसाठी आणि गोठ्यात शेळी आलीच नाही. दुसऱ्या गटात शिवणयंत्रासाठी पैसे घेतले, यंत्राचा पत्ता नाही. त्या बायका लबाड नव्हत्या. दोघींनीही डोळ्यांत पाणी आणून एकच सांगितलं, “पोरानं मागितले. त्याला तिकडे सेवा भरायची होती.” तिकडे म्हणजे कुठे, हे त्या दोघींनाही धड सांगता येईना.

म्हणून आज बोलायचं आहे ते आपल्या तरुण मुलामुलींना धर्माच्या नावाखाली ओढून घेणाऱ्या बंदिस्त पंथांबद्दल. आधीच सांगून ठेवतो, हे बोलणं देवाच्या विरोधात नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी माळकरी आहेत, एकादशी धरतात, सप्ताहात पारायणाला बसतात. वारीत चालणाऱ्या बाईचे पाय सुजले तर ती एसटीनं घरी येते. तिला कुणी शाप देत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा दिंडीत घेतात. श्रद्धेची जागा अशी असते, येणाऱ्यालाही मोकळी आणि जाणाऱ्यालाही. आज ज्यांच्याबद्दल बोलतोय तिथे आत जायला दहा दारं असतात, बाहेर यायला एकही नसतं.

मुलं तिथे जातात कशी? आपल्याला वाटतं, बावळट असतील ती जात असतील. तसं नाही. शेळीचं कर्ज काढणाऱ्या त्या ताईंच्या मुलाचं ऐका. ताईंच्या संमतीनंच सांगतोय, नाव-गाव सोडून.

मुलगा बारावी झालेला. पोलीस भरतीला दोनदा उतरला, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मग शहरात एका कंपनीत कंत्राटी कामाला लागला. खोलीत चौघे, जेवण खानावळीचं, बोलायला कुणी नाही. तिथे एक दादा यायला लागला. पहिले दोन महिने त्यानं गुरूचं नावसुद्धा काढलं नाही. रविवारी घरचं गरम जेवण आणायचा. आईची तब्येत विचारायचा. भरतीत हुकल्याबद्दल घरच्यांनी बोल लावले होते, या दादानं पाठीवर हात ठेवला. मग एक दिवस म्हणाला, तीन दिवसांचं शिबिर आहे, मन शांत होतं, पैसे काही नाहीत.

शिबिरात पहिल्यांदा मोबाईल जमा झाले. पहाटे साडेतीनला उठायचं, रात्री बाराला झोपायचं, एक वेळ जेवायचं. दिवसभर नामजप आणि प्रवचन. अर्धवट झोपेतल्या माणसाला काहीही पटतं, मैत्रिणींनो. तान्ह्या बाळाची आई हे चांगलं जाणते. शेवटच्या रात्री सगळ्यांना कोरे कागद दिले. आयुष्यात केलेली सगळी पापं लिहा, गुरूंच्या चरणी ठेवा, मोकळे व्हा. पोरानं लिहिलं. तो कागद त्यांच्याकडे राहिला.

पुढे एकेक पायरी. आधी आठवड्याला एक दिवस सेवा, मग रोज. मग पगारातला चौथा हिस्सा, मग सगळा पगार, मग नोकरीच सोडली. एकदम कुणी विहिरीत उडी मारत नाही, पायऱ्या उतरत जातो. आणि सगळ्यांत महत्त्वाची पायरी म्हणजे घर तोडणं. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, “तू या वाटेला लागलास की घरचे चिडतील. चिडले की समज, तू खऱ्या वाटेवर आहेस.” बहिणीच्या लग्नाला तो आला नाही. वडील फोनवर ओरडले, “तू आम्हाला मेलास.” पोराला वाटलं, गुरूंनी सांगितलेलं खरं झालं. बघा, घरच्यांचा रागसुद्धा त्यांनी आपल्या कामाला जुंपला.

आता कुणी म्हणेल, शिकलेली पोरं फसत नाहीत. त्यासाठी जपानची गोष्ट सांगतो. तिथे 1984 साली शोको असाहारा नावाच्या माणसानं योगाचा वर्ग सुरू केला. त्याचाच पुढे ‘ओम् शिनरिक्यो’ हा पंथ झाला. नावातला ओम् आपलाच, हिमालयात ज्ञान मिळालं असंही तो सांगायचा. त्याच्याकडे गेलेल्यांत डॉक्टर होते, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेले तरुण होते. घरदार सोडून, पैसाअडका पंथाला देऊन ते तिथे राहायला गेले. अपुरी झोप, अपुरं अन्न, घरच्यांशी संबंध बंद, हीच पद्धत. 20 मार्च 1995 रोजी याच पंथाच्या माणसांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन नावाचा विषारी वायू सोडला. डझनाहून जास्त माणसं मेली, हजारोंना बाधा झाली. गुरूनं सांगितलं म्हणून शिकलेल्या माणसांनी हे केलं.

पण आम्हाला या गोष्टीतलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे धोका आधी ओळखला तो आईबापांनी. 1989 मध्ये, म्हणजे विषारी वायूच्या सहा वर्षं आधी, मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन संघटना केली. त्सुत्सुमी साकामोतो नावाचे वकील त्यांच्यासाठी लढत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंथाच्या माणसांनी त्या वकिलांचा, त्यांच्या पत्नीचा आणि तान्ह्या मुलाचा खून केला. पालक ओरडून सांगत होते, पण त्यांचं पुरेसं कुणी ऐकलं नाही.

आता आपल्या देशातलं. ऑगस्ट 2013. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला आसारामच्या आश्रमाचं गुरुकुल होतं. तिथल्या वसतिगृहात एक सोळा वर्षांची मुलगी शिकत होती. आईवडील निष्ठावान भक्त. आश्रमातून त्यांना निरोप गेला, मुलीला भूतबाधा झाली आहे, बापूच उतरवतील. आईवडिलांनी स्वतः तिला जोधपूरजवळच्या आश्रमात नेलं. तिथे आसारामनं त्या लेकरावर अत्याचार केला. जोधपूरच्या विशेष न्यायालयानं 25 एप्रिल 2018 रोजी त्याला जन्मठेप सुनावली. खटल्याच्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. तरी मुलगी आणि तिचे आईवडील हटले नाहीत.

या घटनेत मुलीला कुणी पळवून नेलं नव्हतं. आईबापांच्या श्रद्धेचाच दोर करून तिला ओढलं. आणि ती सुटली तीही आईबापांमुळेच. लेकीनं सांगितलं, त्यांनी ऐकलं. इतकी वर्षं ज्याला देव मानलं त्याच्या शब्दापेक्षा लेकीच्या शब्दाला जास्त वजन दिलं, आणि थेट पोलिसांत गेले. ‘तुझ्याच मनात पाप’ असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं असतं तर?

मग ओळखायचं कसं? प्रत्येक मठ वाईट नाही, प्रत्येक गुरू भोंदू नाही. कसोटी आपल्या हातात आहे, आपल्याच गटाची. बघा, गटातही ठरल्या दिवशी बैठक असते, नेमानं पैसे भरायचे असतात, चुकलं तर दंड असतो, प्रार्थना असते. वरवर पाहिलं तर सारखंच. फरक कुठे आहे? आपल्या पंचसूत्रीत पाचवी गोष्ट आहे नियमित लेखे. गटाची वही कुणीही उघडून बघू शकते. अध्यक्ष बदलते. सचिवाला भर बैठकीत हिशेब विचारला तरी कुणी पापी ठरत नाही. आणि ज्या बाईला गट सोडायचा आहे ती आपलं कर्ज फेडून, आपली बचत घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर भेटली तर आपण तिच्याशी बोलतो.

तेव्हा मुलगा-मुलगी कुठल्याही मंडळात जायला लागली की चार प्रश्न विचारा. पैशाचा हिशेब मिळतो का? गुरूला प्रश्न विचारलेला चालतो का? घरी यायला, सणाला, आजारपणाला सोडतात का? सोडून गेलेल्या माणसाबद्दल ते काय बोलतात? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘त्याचं वाटोळं झालं, त्याला रोग झाला, त्याच्या घरावर कोप झाला’ असं ऐकू आलं तर सावध व्हा. आपल्या महाराष्ट्रानं गाडगेबाबा पाहिलेत. हाती खराटा घेऊन गावोगाव फिरले, कुणाला पाया पडू दिलं नाही, शिष्य केले नाहीत, कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. ते माप मनात ठेवा.

आणि मूल आत गेलंच असेल तर? गुरूला शिव्या देऊ नका, पोराला मारू नका, दार लावून घेऊ नका. शेळीवाल्या ताईंनी काय केलं ते सांगतो. गटातल्या तिघी जणी पाळीपाळीनं त्यांच्यासोबत बसायच्या. ताई दर रविवारी मुलाला फोन करायच्या. कधी उचलला जायचा, कधी नाही. उचलला तर गुरूचा विषय नाही. म्हैस व्याली, बोअरला पाणी लागलं, मावशीचं ऑपरेशन झालं, तुझी गोधडी धुऊन ठेवलीय, एवढंच. वडिलांनाही समजावलं, ‘मेलास’ हा शब्द परत घ्या. ते बोलले नाहीत, पण एका रविवारी फोन हातात घेऊन पाऊस कसा झाला ते सांगितलं. चौदा महिन्यांनी पोरगा रात्रीच्या गाडीनं एका पिशवीनिशी आला. ताईंनी विचारलं, “जेवलास का?” बाकीचं त्यानं पुढे हळूहळू सांगितलं. त्याची नोकरी गेली, पैसे गेले, आणि तो लिहून दिलेला कागद कुठे असेल या भीतीनं अजून रात्री दचकून उठतो. गटाचं कर्ज ताई आजही फेडताहेत. सगळं नीट झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण घर उघडं होतं म्हणून तो येऊ शकला.

कायद्याचंही माहीत असू द्या. आपल्या राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी कितीतरी वर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चमत्काराच्या नावानं फसवणं, अंगात शक्ती आहे किंवा मागच्या जन्मी तू माझी होतीस असं सांगून शरीरसंबंध ठेवणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भजन, कीर्तन, वारी, पूजा यांना या कायद्यानं हात लावलेला नाही. कुणी तसं सांगून घाबरवलं तर विश्वास ठेवू नका.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाला तर पॉक्सो कायदा लागतो, आणि माहिती असून गप्प राहणं हाही त्यात गुन्हा आहे. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीच्या मदतीसाठी 112. मूल सज्ञान असेल तर मात्र नुसतं ‘परत आणून द्या’ म्हणून पोलीस काही करू शकत नाहीत. तिथे तुमचा रविवारचा फोनच उपयोगी पडतो. मारहाण, डांबून ठेवणं, फसवून पैसे घेणं असेल तर तक्रार करा, एकटीनं जाऊ नका, गट घेऊन जा.

जाता जाता पुढच्या बैठकीसाठी तीन कामं. एक, हे तीन नंबर हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन, शहरात किंवा वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींची यादी करा आणि या आठवड्यात कोण कुणाशी बोललं ते विचारा. पैसे पोचले का एवढंच नको, जेवतोस का, झोप लागते का, कुणाशी बोलतोस, हेही विचारा. तीन, एखाद्या बाईनं सांगितलेल्या कारणासाठी घेतलेलं कर्ज दुसरीकडे गेलेलं दिसलं तर तिला सगळ्यांसमोर उभं करू नका. बैठक संपल्यावर तिच्यासोबत घरापर्यंत चालत जा. बोलेल ती.

पुढच्या वेळी भेटू पीक विम्याच्या कागदपत्रांबद्दल. नमस्कार.