आधी बादली, मग कर्ज
(ग्रामसंघाच्या बैठकीतलं मनोगत)



ओढ्याच्या पाण्यावर घरापुरती वीज होते, हे खरं. पण माझी चूक तुम्ही करू नका. मी श्रावणातला भरलेला ओढा बघून ‘घ्या कर्ज’ म्हटलं. माघात यंत्र थांबलं, हप्ते मात्र चालूच राहिले.

म्हणून पाणी माघात मोजा. छोटा बांध घालून सगळं पाणी पाइपातून बादलीत सोडा. 20 लिटरची बादली 4 सेकंदांत भरली, तर सेकंदाला 5 लिटर. तिथून यंत्र 10 मीटर खाली असेल, तर साधारण 250 वॅट मिळतात. दिवे, मोबाईल, टीव्ही चालेल, मिक्सर नाही.

पाइपाच्या तोंडावरच्या जाळीतला पाला रोज काढावा लागतो. त्यात घरातल्या पुरुषांचीही पाळी लावा. आणि मगच कर्जाचा ठराव लिहा!