आरशापुढचा तास

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर विचार मांडले जातात. मी आज एका लहानशा वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यापासून शाळेला किंवा कामाला निघेपर्यंत आपण स्वतःच्या शरीरासाठी जे जे करतो, त्याचे ओझे हल्ली किती वाढले आहे, हा तो विषय. काही पालक मनात म्हणतील, "सर, अभ्यासाचे बोला." मी अभ्यासाचेच बोलतो आहे. थोडा धीर धरावा, ही विनंती.

या विषयाची सुरुवात वर्गात झाली. नववीच्या मुलांना मी निबंध दिला होता, 'माझी सकाळ'. वह्या तपासताना एका मुलीने लिहिलेली यादी वाचली. तोंड धुण्याचे एक द्रव्य, मग गुलाबपाणी, मग थेंबथेंब लावायचे सीरम, मग मलम, मग उन्हापासून बचावाचे मलम, केसांना एक तेल धुण्यापूर्वी व दुसरे धुतल्यानंतर, ओठांना वेगळे, टाचांना वेगळे. शेवटी तिने लिहिले होते, "म्हणून मला नाश्ता करायला वेळ मिळत नाही." मुलांच्या वह्यांतही केसांचा जेल होता, दाढी लवकर यावी म्हणून तेल होते, व्यायामशाळेतल्या कुणीतरी सांगितलेली प्रोटीनची भुकटी होती. मी लाल पेन हातात घेऊन बसलो होतो, पण चूक कुठे दाखवावी हेच कळेना. शुद्धलेखन ठीक होते. चूक दुसरीकडेच होती.

शिक्षकाला हिशेबाची सवय असते, म्हणून हिशेब केला. रोज एक तास आरशापुढे गेला, तर वर्षाचे ३६५ तास झाले. शाळेच्या एका दिवसात पाच तास प्रत्यक्ष शिकवणे होते असे धरले, तर ते ७३ दिवस होतात. महिन्याला ४०० रुपये डब्या-बाटल्यांवर गेले, तर वर्षाला ४,८०० रुपये. आपल्यापैकी कितीतरी पालक सहलीच्या पैशांसाठी हप्ता मागतात, हे मी जाणतो. म्हणून म्हटले, मी अभ्यासाचेच बोलतो आहे.

आता कुणी म्हणेल, पूर्वीचे दिवस चांगले होते. माझी दादी शिकेकाई-रिठ्याने केस धूत असे, सणाला मेंदी लावी, डोळ्यांत सुरमा घाली. तिच्या कपाटात अफगाण स्नोची एक बाटली असे, आणि ते मलम मुंबईच्या पाटणवाला यांनी, म्हणजे आपल्यातल्याच एका उद्योजकाने, बाजारात आणले होते, हे ती अभिमानाने सांगे. तिचा सारा शृंगार दहा मिनिटांत आटपे. पण मी जुन्या काळाचे पोवाडे गाणार नाही. त्याच दादीच्या हाताशी मशेरीची डबीही होती. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दात घासायची म्हणून तोंडात जाई आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देई. काही सुरम्यांत शिसे असते, हेही आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा जुने ते सोने आणि नवे ते खोटे, असा साधा वाद इथे नाही. आज फ्लोराइडची टूथपेस्ट आहे, साबण आहे, नळाला पाणी आहे. हे सुखच आहे. प्रश्न असा आहे की सोयी वाढल्या, तर मग वेळ का कमी पडतो?

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. घरात यंत्रे आली, तरी गृहिणीचे तास का घटले नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दाखवून दिले की कष्टाचे काम हलके झाले, पण त्याबरोबर स्वच्छतेची अपेक्षा वाढली. कपडे धुणे सोपे झाले, म्हणून कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. शिवाय पूर्वी घरातले पुरुष, मुले व नोकर जी कामे उचलत, तीही हळूहळू आईच्याच अंगावर आली. शरीराच्या निगेचेही मला तसेच दिसते. शाम्पू आला म्हणून केस धुण्याचा वेळ वाचला. वाचलेल्या वेळात कंडिशनर आले, त्यामागून सीरम आले.

शाम्पूचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा शब्द मूळचा आपला. 'चांपणे' म्हणजे दाबणे, चंपी करणे, यावरून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढले आणि वाफेच्या स्नानाबरोबर अंग रगडून देण्याची पद्धत तिकडे लोकप्रिय केली. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना आपल्या सेवेत नेमले होते. दुखणाऱ्या अंगाला आराम देणारी ती एक सेवा होती. तोच शब्द पुढे बाटलीत गेला, आणि १९८०च्या दशकात छोट्या पुडीत भरून खेड्यातल्या दुकानापर्यंत आला. पुडी स्वस्त असते म्हणून ती रोज घेतली जाते, आणि महिन्याचा हिशेब कुणी करत नाही.

केवळ सौंदर्याचेच नव्हे, आरोग्याच्या नावानेही असेच ओझे येते. यात मी स्वतः सापडलो होतो. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधले आणि रोज १०,००० पावलांचा नेम धरला. एका रात्री दहा वाजता मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो. तिसरीतला माझा मुलगा पाटी घेऊन मागे मागे फिरत होता, "अब्बा, हातच्याची वजाबाकी सांगा ना." मी म्हणालो, "थांब, अजून आठशे राहिलीत." तो वाट पाहून झोपी गेला. पुढे वाचनात आले की १०,००० हा आकडा कुठल्या वैद्यकीय शोधातून आलेला नव्हता. टोकियोच्या १९६४च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' असे होते. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासात तर असे दिसले, की सुमारे ४,४०० पावलांपासूनच लाभ दिसू लागतो आणि ७,५००च्या सुमारास तो फारसा वाढेनासा होतो. चालणे उत्तमच आहे. परंतु दुकानदाराच्या आकड्यासाठी मी मुलाची वजाबाकी सोडली, याची मला आजही लाज वाटते.

रोज आठ ग्लास पाणी प्यायलेच पाहिजे, हेही तसेच. अमेरिकेतील आहार मंडळाने १९४५ साली दिवसाला सुमारे अडीच लिटर पाण्याची शिफारस केली होती. त्यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, असे त्यातच लिहिले होते. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे सोडून दिले. परीक्षेत प्रश्न अर्धाच वाचणारे विद्यार्थी मला यावरून आठवतात.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला संकोच होतो. पण ते टाळले तर हे भाषण पोकळ ठरेल.

माझी धाकटी बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला पाहायला पाहुणे येणार होते. आधीच्या एका स्थळाने निरोप पाठवला होता, "मुलगी चांगली आहे, पण रंग जरा..." ते वाक्य आमच्या घरात कुणी पूर्ण केले नाही, पण ते दिवसभर घरात फिरत राहिले. मी शिकलेला, बी.एड. झालेला भाऊ. मी काय केले? एका दुकानातून, "महिन्यात फरक दिसेल" या शब्दावर, लेबल नसलेली मलमाची डबी आणून तिच्या हाती दिली. पैसे माझे होते.

फरक खरोखरच दिसला. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळला, शेजारणी विचारू लागल्या. मग त्वचा पातळ झाली, उन्हात गेले की आग होऊ लागली, गालांवर पुरळ आणि बारीक लव आली. मलम थांबवले तर चेहरा लालभडक होई, म्हणून ती पुन्हा लावी. त्वचेच्या डॉक्टरांनी डबी पाहून सांगितले की यात स्टेरॉइड असावे. अशी औषधे विशिष्ट आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरायची असतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कितीतरी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो याच कारणासाठी. उपचार दीड वर्ष चालले. त्या वर्षी बहिणीने परीक्षा दिली नाही, कारण तोंड झाकूनही तिला बाहेर पडवत नव्हते.

आज ती एका प्रयोगशाळेत रक्ततपासणीचे काम करते. इथे बोलण्यापूर्वी मी तिची परवानगी मागितली. ती म्हणाली, "सांगा भाईजान, पण माझी दया येईल असं सांगू नका. डबी आणणाऱ्याचं सांगा." म्हणून मी डबी आणणाऱ्याचे सांगितले.

स्टेरॉइडपेक्षाही भयंकर गोष्ट म्हणजे पारा. त्वचा उजळ करणाऱ्या काही मलमांत तो मिसळलेला सापडतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले, आणि चौकशीअंती त्यांतील पुष्कळांचा संबंध गोरेपणाच्या मलमांशी लागला. पारा कातडीतून शरीरात जातो व मूत्रपिंडाला इजा करतो. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी घरात येऊ देऊ नका. एवढे जरी आजच्या सभेतून आपण घेऊन गेलात, तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

पण बंधू-भगिनींनो, डबी दुकानात असते आणि तिची मागणी मात्र आपल्या दिवाणखान्यात तयार होते. मुलींना नटण्याचे वेड आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. "रंग जरा..." हे वाक्य कुठल्या मुलीने उच्चारले होते? ते आपण वडीलधाऱ्यांनी उच्चारले. १९७५ साली आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून गोरेपणाचा शब्द २०२० साली काढून टाकला गेला. बाजाराने निदान नाव तरी बदलले. आपण आपल्या मुलामुलींच्या बायोडाटातून तो शब्द केव्हा काढणार?

आणि आता तर ही जाहिरात मोबाईलमधून थेट मुलांच्या उशाशी आली आहे. अमेरिकेत ७ ते १८ वर्षांच्या मुलींच्या अशा चित्रफितींचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकेक मुलगी सरासरी सहा प्रसाधने चेहऱ्यावर लावताना दिसली, आणि त्यांतील कित्येकांत त्वचेला जळजळ करणारी द्रव्ये होती. ज्या वयात त्वचेला बहुधा कशाचीच गरज नसते, त्या वयात हे चालले आहे.

मग स्वतःची काळजी घेऊच नये का? अवश्य घ्यावी. स्वच्छतेची शिकवण तर आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. वजूचेच पाहा. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, पाय. पाच मिनिटेही लागत नाहीत, खर्च काही नाही, आणि त्यातही पाणी उधळू नये असे आपल्याला शिकवलेले आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. वजू पूर्ण होतो. तो झाला की माणूस पुढच्या कामाला मोकळा असतो. आरशापुढचा हा नवा नित्यक्रम मात्र पूर्ण होतच नाही. काहीतरी राहिले आहे, काहीतरी कमी आहे, हीच भावना तो मागे ठेवतो, कारण त्याच भावनेवर पुढची बाटली खपते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. अंघोळ करा, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. रोज निदान एक तास घाम येईपर्यंत खेळा, आणि हे मुलींनाही तितकेच लागू आहे. तुमच्या वयाला ८ ते १० तास झोप हवी. सकाळी पोटात काही घालून शाळेत या. त्वचेला खरोखर आजार असेल, तर मैत्रिणीला किंवा मोबाईलला न विचारता डॉक्टरांना विचारा. यांतले बहुतेक फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

पालकांना माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलीला तिच्या रंगावरून, मुलाला त्याच्या उंचीवरून किंवा अंगकाठीवरून एक शब्दही बोलू नका. असा एक महिना पाळून पाहा. आणि घरातल्या आईकडेही पाहा. पहाटे सर्वांचे डबे करून ती स्वतःसाठी वेळ काढत असेल, तर तिच्यावर 'स्वतःकडे लक्ष दे' असा आणखी एक हुकूम लादू नका. तिच्या हातातले एखादे काम आपण उचला. तिची खरी काळजी त्यात आहे.

'माझी सकाळ' लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीच्या वहीत मी शेवटी शेरा लिहिला, "निबंध चांगला. उद्यापासून नाश्ता करून येणे." परवा तिने मधल्या सुट्टीत येऊन सांगितले, "सर, आज चपाती खाऊन आले." चेहऱ्याला काय लावले होते, हे मी विचारले नाही. तिला गणिताचे उदाहरण मात्र विचारले, आणि ते तिला बरोबर आले.

   

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.