कपाटाची किल्ली आणि सायकलचं बक्षीस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळच्या बैठकीत ठरलं की आपल्या निधीतून पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी उन्हाळी वाचन उपक्रम सुरू करायचा. सूचना आली : जो सर्वांत जास्त पुस्तकं वाचेल, त्याला सायकल. टाळ्याही पडल्या. माझी सगळी नोकरी वाचनालयात गेली, म्हणून त्याबद्दल चार शब्द बोलते.

बक्षीस दाखवून मुलांना वाचायला लावणं नवं नाही. अमेरिकेत पिझ्झा हटने 1984 साली ‘बुक इट’ ही योजना काढली. ठरलेलं वाचन पूर्ण करा आणि छोटा पिझ्झा फुकट मिळवा! ब्रिटनमधली सार्वजनिक वाचनालयं 1999 पासून ‘समर रीडिंग चॅलेंज’ चालवतात. सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची, वाटेत स्टिकर मिळतात, शेवटी प्रमाणपत्र किंवा पदक. तिथे पहिला नंबर कोणाचाच नसतो. सहा पूर्ण करणारा प्रत्येक जण जिंकतो.

बक्षिसाचा उपयोग होतो का? दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. अमेरिकेत डॅलस शहरात दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून छोटी चाचणी पास झाल्यावर 2 डॉलर दिले, तेव्हा त्यांचं वाचनाचं आकलन सुधारलं. उलट 1973 साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे न वाचणाऱ्याला उंबरठ्यापर्यंत आणायला बक्षीस चालेल. पण ज्याला गोडी आहे, त्याच्या गोडीला मोल लावताना जपून.

सायकलची मला भीती वाटते ती याचमुळे. आकड्यांची शर्यत लागली की मुलं पातळ पुस्तकं शोधतात, पानं उलटतात. आणि ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही, तो पहिल्याच दिवशी शर्यतीतून बाहेर. आपल्याला नेमका तोच हवा आहे ना?

फ्लोरिडात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रांझेन यांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळे, दरवर्षी स्वतः निवडलेली 12 पुस्तकं दिली. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनात पुढे गेली. पुस्तक हातात पडणं हीच खरी मदत होती.

आता आपल्या शाळेकडे पाहा. वर्षभर तास, गृहपाठ, परीक्षा. मुलांना खरा वेळ मिळतो मे महिन्यात, आणि निकाल लागला की पुस्तकांच्या कपाटांना कुलूप लागतं ते थेट जूनच्या मध्यापर्यंत! म्हणून माझी मागणी सायकलच्या आधी किल्लीची आहे.

सुट्टीत आठवड्यातून दोन सकाळी, दोन-दोन तास ग्रंथालय उघडं ठेवू. पुस्तक मूल स्वतः निवडेल. ‘फास्टर फेणे’ घेईल, नाहीतर ‘किशोर’चा जुना अंक. पाच पुस्तकांचं एक कार्ड करू. पुस्तक परत करताना मुलाने त्याबद्दल दोन मिनिटं गप्पा मारायच्या, की कार्डावर शिक्का. परीक्षा नाही, सारांश लिहिणं नाही. पुस्तक आवडलं नाही तर अर्धवट सोडायची मुभा. कार्ड भरलं की आवडीचं एक नवं पुस्तक कायमचं त्याचं, वर नाव घालून. एका सायकलच्या पैशात कितीतरी घरांत पहिलं पुस्तक पोचेल.

पुस्तक हरवेल, फाटेल. त्याची भरपाई निधीतून करू. मुलाकडून दंड घ्यायचा नाही. दंडाच्या धाकाने पुस्तक घरी नेऊ न देणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रश्न उरतो माणसांचा. शिक्षकांची सुट्टी आपण मागायची नाही. आपल्यातले कितीतरी जण निवृत्त होऊन इथेच राहतात. दोन मिनिटं मुलाचं ऐकून घ्यायला पदवी लागत नाही. नावनोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. देणगीचा आकडा सवडीने लिहा. आधी आपलं नाव आणि कोणत्या सकाळी याल तो वार लिहा.

बाई, किल्ली आमच्याकडे द्याल ना?