बोटांना उत्तर हवे



आपण घडवत असलेली उपकरणे डोळ्यांशी अखंड बोलतात, हातांशी मात्र त्यांनी अबोला धरला आहे. तो मोडण्याची जबाबदारी डिझाइनर म्हणून आपली आहे.

कॅनडातील किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात ह्यूमन मीडिया लॅब नावाची प्रयोगशाळा होती. तिने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘रीफ्लेक्स’ हा प्रायोगिक फोन जगापुढे ठेवला. पडदा एलजीचा, लवचीक ओलेड. सर्किट बोर्ड बाजूला ताठ बसवलेला. पडद्यामागे वाक मोजणारे सेन्सर आणि एक व्हॉइस कॉइल. उजवी बाजू वाकवली की ई-पुस्तकाची पाने उलटू लागत, जास्त वाकवली की भराभर, आणि प्रत्येक पान सुटल्याचे बोटांना जाणवे.

सारे मर्म त्या कॉइलमध्ये आहे. फोनमधली जुनी व्हायब्रेशन मोटर म्हणजे एका बाजूला जड असलेले फिरते वजन. त्याला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, म्हणून सगळ्या सूचना एकाच गुरगुरीसारख्या लागतात. व्हॉइस कॉइल लाउडस्पीकरच्या तत्त्वावर चालते: चुंबकीय क्षेत्रातली तारेची गुंडाळी विद्युतप्रवाहाच्या चढउतारासरशी हलते आणि एकेक ठोका सुटा उमटतो. हे ठोके वाकवण्याच्या हालचालीशी जुळवले की हाताला घर्षणाचा, ताणाचा भास होतो. ‘अँग्री बर्ड्स’ या खेळात पडदा वाकवून गलोल ताणायची, सोडली की रबर सुटल्याचा झटका तळव्याला बसे. हात काहीतरी करतो आणि त्याला त्याच क्षणी, त्याच जागी उत्तर मिळते. माझ्या मते गेल्या दोन दशकांतला हा आपल्या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा धडा आहे.

याच प्रयोगशाळेने २०११ मध्ये ई-इंकचा ‘पेपरफोन’ केला होता. तिचे प्रमुख रोएल वर्टेगाल यांनी वाकणारे फोन पाच वर्षांत लोकांच्या हाती येतील, असे २०१६ मध्ये म्हटले होते. २०१९ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी फोल्ड आला. पण ही त्या विचाराची पूर्तता आहे, असे मी मानत नाही. बिजागरीवर पडदा मिटतो आणि मोठा पडदा खिशात मावतो. अर्धवट उघडला तर फार तर मांडणी बदलते. वाकवणाऱ्या हाताला त्यातून काहीच सांगता येत नाही आणि त्याला काही कळतही नाही.

हातांशी धरलेल्या या अबोल्याची किंमत कोण मोजते? जुन्या फोनच्या ५ या कळीवर बारीक उंचवटा असे, त्यावरून बोटाला बाकीचे आकडे सापडत. सपाट काचेने तो पुसला. दृष्टिहीन माणूस आज स्क्रीन रीडरच्या आवाजावर फोन वापरतो, पण गर्दीच्या लोकलमध्ये तो आवाज ऐकू येत नाही. दुकानातल्या कार्ड मशीनला टचस्क्रीन असेल, तर पिन टाकायला त्याला अनेकदा दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. पिन दुसऱ्याला सांगायला लावणारे यंत्र सदोष आहे, मग ते कितीही देखणे असो.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या कामात स्पर्शाचे उत्तर पहिल्या आराखड्यातच ठरवा. ते सेटिंगमधल्या एका बटणावर सोडू नका. पहिल्या नमुन्यापासून दृष्टिहीन व्यक्तींना चाचणीला बोलवा, त्यांना मानधन द्या, आणि त्यांनी नापास केलेला नमुना पुढे पाठवू नका.