गाडी मित्राची, गुन्हा माझा

आज पाहुणा कोणी नाही. आज मीच बोलणार आहे, आणि विषयही माझाच आहे.

मी मूळ नांदेडचा, नोकरीला लातूरला. २०२४ ची दिवाळी, एसटीला तोबा गर्दी. मित्राला म्हणलं, "भाऊ, दोन दिवस गाडी दे की." त्यानं काही न विचारता चावी दिली. माझं लायसन्स फक्त टू व्हीलरचं होतं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याच्या अलीकडं अंधार पडला. मोबाइल वाजला म्हणून एक सेकंद खाली बघितलं, आणि फाट्यावर वळणारी मोटारसायकल दिसलीच नाही.

त्या काकांचा पाय मोडला. मी थांबलो, १०८ ला फोन केला. एवढं एक बरोबर केलं. पण ॲम्ब्युलन्स गेल्यावर मित्राला फोन लावला आणि काय म्हणलं? "तूच चालवत होतास म्हण ना, तुझ्याकडं लायसन्स आहे." तो गप्प. मग म्हणाला, "लेका, मी दुकानात बसलोय. कॅमेऱ्यात दिसायलोय."

त्यानं नाही म्हणलं, म्हणून मी वाचलो. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीचा अपघात झाला, दोघं गेले. तिथं ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घ्यायला दबाव टाकल्याचा आरोप झाला आणि त्याची वेगळी केस उभी राहिली. गुन्हेगाराला वाचवायला खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आता माझ्यावर काय लागलं ते ऐका. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलम २८१, बेदरकारपणे गाडी चालवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम १२५, त्यात हाड मोडलं की गंभीर दुखापत, तीन वर्षांपर्यंत. जामीन लगेच झाला. पण काका दगावले असते तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. काकांनी मला माफ केलं तरी २८१ त्यांच्या हातात नाही, ती केस सरकारची.

आणि मित्र? त्याचा दोष एवढाच की विश्वास ठेवला. पण लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली, म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम १८० मालकावर. पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय काकांच्या भरपाईचे पैसे विमा कंपनीनं दिले, तरी नंतर ती ते मालकाकडून वसूल करू शकते. गाडीचा हप्ता अजून चालू होता हो त्याचा!

म्हणून कुणाची गाडी घेताना तीन गोष्टी बघा. आपलं लायसन्स त्याच प्रकारच्या गाडीचं आहे का? विमा चालू आहे का? एमपरिवहन ॲपवर दोन मिनिटांत दिसतं. आणि गाडी देणाऱ्यानं लायसन्स मागितलं तर राग मानू नका. अपघात झालाच तर थांबा, जखमीला दवाखान्यात पोचवा, पोलिसांना २४ तासांच्या आत कळवा आणि खरं सांगा.

केस अजून चालू आहे. तारखेला मी एसटीनं जातो. मागच्या तारखेला मित्र भेटला, चहा पाजला. गाडीचा विषय दोघांनीही काढला नाही.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.