काचेच्या टाकीत कोणते मासे एकत्र नांदतात?



आज माशांविषयी बोलू. खायच्या नव्हे, पाळायच्या माशांविषयी. आता खेड्यातल्या घरांतही काचेची टाकी दिसू लागली आहे. बाजाराच्या दिवशी पोर हट्ट धरते. बाप पिशवीत चार रंगीत मासे घेऊन येतो. आठ दिवसांत त्यातले तीन उलटे तरंगतात. पोर रडते. पैसे जातात ते वेगळेच.

असे का होते? पहिले कारण पाण्याची ऊब. शहरात हौशी लोक टाकीत पाणी तापवायची विजेची कांडी ठेवतात. आपल्याकडे ती नसते. म्हणून आपला मासा असा हवा, की पौषातली थंडी आणि वैशाखातला उन्हाळा त्याला दोन्ही सोसावेत. निफाडकडे थंडीत पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. घरातले पाणी इतके गार होत नाही. पण ते १८ अंशांच्या खाली गेले, की पुष्कळ रंगीत मासे सुस्त होतात. खात नाहीत. अंगावर पांढरे ठिपके उठतात. एंजल मासा, फायटर मासा यांना २४ अंशांच्या वरचे पाणी लागते. दिसायला देखणे खरे, पण ते आपल्या टाकीचे नव्हेत. शिवाय दोन फायटर नर एकत्र आले, की मरेस्तोवर भांडतात.

मग आणावा कोणता? झेब्रा मासा आणा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. हा मूळचा आपल्याच देशातला. ओढ्यांत, भातखाचरांत राहणारा. थंडी-ऊन सोसतो. मात्र त्याला सोबत लागते. निदान सहा तरी ठेवा. एकटा असला तर बुजतो, नाहीतर दुसऱ्यांच्या मागे लागतो. टाकीवर जाळीचे झाकण हवेच, कारण हा उडी मारतो.

त्याच्याबरोबर गप्पी चालतो. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात ना, तोच. बाजारातला रंगीत शेपटीचा, एवढाच फरक. नर-मादी दोन्ही आणली, तर महिन्या-दीड महिन्याला पिल्लेच पिल्ले. म्हणून नुसते नर घ्या. लहान चणीचा, रंगीत शेपटीचा तो नर. फार थंडीच्या गावात मात्र नुसते झेब्रेच बरे.

“पण आम्हाला सोनेरी मासा हवा!” पोरे म्हणणारच. गोल्डफिशला थंडीचे भय नाही. पण बोटाएवढा आणलेला वीतभर होतो. खातो फार, घाण करतो फार. आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. एका घरी रोज एकेक गप्पी कमी होई. घरच्यांनी मांजराला झोडपले. चोर टाकीतच होता! गोल्डफिश पाळायचाच, तर त्याच्याच जातीबरोबर आणि मोठ्या टाकीत.

दुकानदार सांगतो, “सगळे एकत्र राहतात बघा.” त्याच्याकडे राहतात, कारण तिथे ते लहान असतात आणि दोन दिवसांचे पाहुणे असतात. त्याला विचारा, “हा वाढून केवढा होतो? दुसऱ्याचे पर कुरतडतो का?” टायगर बार्ब कुरतडतो. ओढ्यातून मरळीचे पिल्लू आणलेत, तर ते बाकीच्यांना खाईल.

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच असली, तर सुमारे ५० लिटर पाणी मावते. त्यात ६ झेब्रे आणि ४ गप्पी पुरे. सगळे एकदम सोडू नका. आधी झेब्रे, गप्पी महिन्याने. माशांच्या घाणीचे पाण्यात विष होते. ते पचवणारे बारीक जीव टाकीत तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. सगळे पाणी एकदम बदललेत, तर घडी मोडते. आठवड्याला चौथा हिस्सा बदला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते बादलीत एक दिवस उघडे ठेवा. थंडीत टाकी दार-खिडकीपासून लांब ठेवा. रात्री गोणपाट गुंडाळा, वरून हवेला वाट राहू द्या.

मासे नकोसे झाले, तर शेजाऱ्याला द्या. ओढ्यात, नदीत सोडू नका. गप्पी आणि गोल्डफिश बाहेरदेशचे आहेत. ते आपल्या माशांची अंडी-पिल्ले खातात.

आता कोणाला काय विचारायचं असेल, ते विचारा.